हेमलकशाचे दोघे



आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघणार आहे, त्यात इतिहासावर काहीतरी लिहा, असा समितीचा निरोप आला तेव्हा सगळ्यांना वाटलं की मी 16 ऑक्टोबर 1956 च्या चांद्याच्या धम्मदीक्षेवर लिहीन. तो माझा आवडीचा विषय आहे आणि त्यावर माझं दोन-तीन वेळा लिहून झालं आहे. यावेळी मी भामरागडच्या जंगलात आयुष्य घालवलेल्या एका डॉक्टर नवरा-बायकोवर लिहायचं ठरवलं. डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे. विषय सांगताच बैठकीत एका कार्यकर्त्याने विचारलं, "आपल्या स्मरणिकेत आमटे कशाला? आपली माणसं संपली का?" प्रश्न रागाचा होता, पण चुकीचा नव्हता. त्याचं उत्तर देता देताच हा लेख झाला.

आपण चळवळीतली माणसं 'मिशन' हा शब्द फार वापरतो. अमुक भाऊ मिशनचं काम करतात, तमुक ताईंनी मिशनसाठी नोकरी सोडली. या शब्दाचं मूळ कुठलंही असो, त्यातला विचार आपल्याला परका नाही. तथागतांनी इसिपतनाला, म्हणजे सारनाथला, पहिल्या साठ शिष्यांना सांगितलं होतं की बहुजनांच्या हितासाठी चालत राहा, आणि दोघांनी एकाच वाटेने जाऊ नका. पुढे सम्राट अशोकाचा मुलगा महिंद आणि मुलगी संघमित्रा समुद्रापलीकडे सिंहलद्वीपात गेली आणि परत फिरली नाहीत. परक्या मुलखात जाऊन, तिथली भाषा शिकून, तिथेच म्हातारं व्हायचं, ही आपली जुनी परंपरा आहे. हेमलकशाचे दोघे भिक्खू नव्हते, उपासकही नव्हते. आणि ते दोघं एकाच वाटेने गेले.

कोणी म्हणेल, भामरागड काय परदेश आहे? बल्लारपुरातून गाडी काढली की कोठारी, गोंडपिपरी, आष्टी, अल्लापल्ली, पेरमिली करत त्याच दिवशी पोहोचतो. हे आता. 1973 साली अल्लापल्लीच्या पुढे रस्ता म्हणावा असा नव्हता. पावसाळा लागला की नदी-नाले भरत आणि पुढचे कित्येक महिने जगाशी संबंध तुटे. तिथल्या माडिया गोंडांची भाषा माडिया, तिचा मराठीशी काही मेळ नाही. नागपूरच्या मेडिकल कॉलेजात शिकलेल्या माणसाला तेव्हा लंडन जवळचं होतं, भामरागड नव्हे. त्यांच्या बरोबरीचे किती डॉक्टर विमानाने परदेशी गेले असतील, त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही. हे दोघं जंगलात गेले म्हणून आपल्याला ठाऊक.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. पुष्कळ लेखांत असं वाटतं की भामरागडचा इतिहास आमट्यांपासूनच सुरू झाला. हे खरं नाही. इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तीन नद्यांच्या संगमावरचा हा मुलूख. नदीपलीकडे बस्तर आणि अबुजमाड. इथे जमीनदारी होती, तिचा जाच होता आणि त्याआधीपासून इथल्या माणसांचं गाव, गोटुल, रेला नाच, शेतीची रीत, न्यायाची रीत सगळं होतं. याच जिल्ह्यांच्या भूमीतल्या बाबुराव शेडमाकेंना इंग्रजांनी 21 ऑक्टोबर 1858 ला चांद्याच्या तुरुंगात फाशी दिली. जंगलातली माणसं झोपलेली होती आणि शहरातून कोणी जागं करायला आलं, अशी कथा आपण तरी सांगू नये. आपल्याबद्दलही अशाच कथा सांगितल्या गेल्या आहेत.

पण लुबाडणूक भयंकर होती. रानातून महिनाभर वेचून आणलेली चारोळी व्यापारी मापाला माप मिठावर घेऊन जात. चारोळी आणि मीठ! आपल्या बायका दिवाळीला चारोळी तोळ्याच्या भावाने आणतात, त्यांनी विचार करावा. अंगात पँट घातलेला माणूस दिसला की माडिया पोरं-बाया रानात पळत, कारण पँटवाला म्हणजे व्यापारी नाहीतर जंगलखात्याचा शिपाई, आणि दोघंही काहीतरी घेऊन जाणार.

बाबा आमटे आपल्या मुलांना घेऊन भामरागडला फिरायला गेले होते तेव्हा प्रकाश विद्यार्थी होते. तिथली दशा त्या सगळ्यांनी पाहिली. 23 डिसेंबर 1973 ला बाबांनी भामरागडजवळ हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. तेव्हा गडचिरोली जिल्हाच नव्हता, तो 26 ऑगस्ट 1982 ला वेगळा झाला, सगळा चंद्रपूर जिल्हाच होता. प्रकाश आमटे नागपूरला सर्जरीचं पुढचं शिक्षण घेत होते, ते त्यांनी अर्धवट सोडलं. मंदाताई, माहेरच्या देशपांडे, भूलतज्ज्ञ डॉक्टर. दोघांचं लग्न 1972 चं. लग्नाआधीच प्रकाशरावांनी सांगितलं होतं की मी जंगलात राहणार आहे. त्या हो म्हणाल्या. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोठी घटना तो होकार आहे. बापाने सुरू केलेलं काम मुलगा पुढे नेतो, हे जगात पुष्कळ ठिकाणी घडतं. परक्या घरची शिकली-सवरली मुलगी ते आपलं म्हणून उचलते, त्याला पुरस्कार नसतो.

आता त्यांच्या रोजच्या जगण्याबद्दल. लोक बिबट्याचे फोटो पाहतात आणि तिथंच थांबतात, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

सुरुवातीला झोपड्या. पहिली 17 वर्षे वीज नाही. कंदिलाच्या आणि बॅटरीच्या उजेडात टाके घालायचे, बाळंतपणं करायची. पावसाळ्याआधी धान्य, मीठ, तेल, औषधं भरून ठेवायची, नाहीतर मध्येच संपली तर आणणार कुठून? ताजी भाजी मिळेल तेव्हा. पाणी नदीचं. साप-विंचू घरातच. आणि हे सगळं पोटच्या लेकरांना घेऊन. दवाखाना उघडला, पण रुग्ण येईनात. लोकांचा विश्वास पुजाऱ्यावर, आणि का नसावा? पिढ्यान्पिढ्या दुसरं होतं कोण? मग फेफरं येऊन जाळात पडलेला, अंग भाजलेला एक रुग्ण आला. तो बरा झाला, ते गावोगाव कळलं आणि माणसं यायला लागली. खाटेला बांबू बांधून, कावडीत घालून, दोन-दोन दिवस चालत. मलेरिया, क्षय, सर्पदंश, अस्वलाने फाडलेली तोंडं, झाडावरून पडून मोडलेले हात-पाय.

ऑपरेशनचा डॉक्टर एक, भूल देणारी एक, आणि ते दोघंच नवरा-बायको. डोळ्याचं शिक्षण झालेलं नव्हतं तरी प्रकाशराव मोतीबिंदूची ऑपरेशनं शिकले, कारण आंधळ्या म्हाताऱ्याला नागपूरला कोण नेणार? पोटात मूल मरून आडवं अडकलेली बाई आली तेव्हा बाईचा जीव वाचवण्यासाठी मेलेलं मूल तुकड्या-तुकड्यांनी काढावं लागलं. असं काम कधी केलेलं नव्हतं. तो प्रसंग त्यांनी स्वतः सांगितलेला आहे. आपल्या घरात एखाद्या डॉक्टरने चुकीची गोळी दिली तरी आपण महिनाभर बोलतो. तिथे चूक झाली तर दुसरा दवाखाना नव्हता आणि काहीच केलं नाही तर मरण ठरलेलं होतं. अशा ओझ्याखाली पन्नास वर्षं माणूस झोपतो कसा, हे मला कळत नाही.

भाषा ते रुग्णांकडूनच शिकले. कुठे दुखतं, केव्हापासून, किती दिवस ताप, एवढ्या शब्दांवर सुरुवात. आधी डॉक्टर शिकला आणि मग रुग्ण बरा झाला, हा क्रम आपल्या शाळा-मास्तरांनी लक्षात घेण्यासारखा आहे.

कपड्यांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. थंडीत उघड्या अंगाने कुडकुडणारी माणसं पाहिल्यावर प्रकाशरावांनी पूर्ण कपडे घालणं सोडलं. पांढरी अर्धी चड्डी आणि बनियन, तोच वेष, मोठमोठ्या समारंभांतही. इथे माझं मन थोडं थबकतं हे कबूल करतो. आपल्याला बाबासाहेबांनी नीट कपडे घालायला शिकवलं. सुटाबुटातले बाबासाहेब आपल्या घराघरांत आहेत, कारण ज्याला अंगभर कपडा घालू दिला नव्हता त्याने तो घालणं हाच विद्रोह होता. एकाने कपडा उतरवून माणसांजवळ जायचं, दुसऱ्याने कपडा चढवून माणूस व्हायचं. दोन्ही खरं आहे, पण कोण कुठून निघाला ते विसरून चालत नाही.

प्राण्यांचंही असंच. शिकारीत आई मारली गेलेलं माकडाचं पिल्लू त्यांनी शिकाऱ्यांकडून मागून घेतलं, तिथून सुरुवात. मग बिबटे, अस्वलं, तरस, हरणं, साप. नेगल नावाच्या बिबट्यावर त्यांचे सहकारी विलास मनोहर यांनी पुस्तकच लिहिलं. माडिया माणूस शिकार करतो ती भुकेपोटी, हौसेपोटी नाही, हे त्या दोघांनी ओळखलं. म्हणून अहिंसेचं प्रवचन दिलं नाही, पिल्लाच्या बदल्यात धान्य दिलं. आपण पंचशीलातलं पहिलं शील रोज म्हणतो. सम्राट अशोकाने माणसांसाठी आणि जनावरांसाठी अशी दोन्हींची औषधव्यवस्था केल्याचं गिरनारच्या शिळेवर कोरलेलं आहे. आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात देवटेकला अशोकाच्या काळातला लेख सापडला, त्यात प्राणी पकडू नयेत, मारू नयेत अशी आज्ञा असल्याचं अभ्यासक सांगतात. हा शिलालेख आपल्या मुलांना शाळेत कोणी शिकवत नाही, म्हणून इथे लिहिला.

1976 ला आश्रमशाळा सुरू झाली. आधी पोरं येत नव्हती, आली तर पळून जात. हळूहळू टिकली. त्या शाळेतून पुढे डॉक्टर, वकील, शिक्षक, पोलीस झाले. पण मला त्याहून मोठी वाटणारी गोष्ट ही की आमटे दांपत्याची स्वतःची मुलं, दिगंत आणि अनिकेत, त्याच शाळेत, त्याच पोरांबरोबर शिकली. माडिया बोलत मोठी झाली. आपले किती पुढारी जिल्हा परिषदेच्या शाळेवर भाषण करतात आणि पोरांना कॉन्व्हेंटला घालतात, ते मी सांगायला नको. मी स्वतः माझ्या पोराला घातलं, तेव्हा दगड मारत नाही.

1998 च्या डिसेंबरात आमच्या वॉर्डातले पंधरा-सोळा जण एक जीप आणि एक मेटॅडोर करून गेलो होतो. आम्ही पेपर मिलची माणसं. गडचिरोलीच्या जंगलातला बांबू आमच्या मिलमध्ये यायचा, त्याचा लगदा आमच्या अंगाला वास मारायचा, पण तो बांबू तोडणारा माणूस आमच्यापैकी कोणी पाहिलेला नव्हता. तिथे पाहिला. दवाखान्याच्या आवारात झाडाखाली चुली मांडून नातेवाईक स्वयंपाक करत होते. रुग्णाबरोबर सगळं घरच येतं, कोंबड्यासकट. डॉक्टर दोघंही कामात होते, रांग मोठी होती, म्हणून आम्ही दुरूनच पाहिलं, मध्ये गेलो नाही. आमच्यातली एक आजी मंदाताईंकडे बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "काहून आली असन वं ही बाई इथं? नवऱ्याची हौस झाली, पण हिनं संसार कसा केला असन?" परतताना पेरमिलीपर्यंत गाडीत याच विषयावर बोलणं चाललं. पुरुष बिबट्याबद्दल बोलत होते, बाया मंदाताईंबद्दल.

1980 नंतर या भागात नक्षलवादी आले. बांबूतोडीची, तेंदूपानाची मजुरी वाढली त्यात त्यांच्या दबावाचा वाटा होता हे लपवण्यात अर्थ नाही, आणि आदिवासींचंच रक्त सांडलं हेही लपवू नये. 8 ऑक्टोबर 2009 ला याच भामरागड तालुक्यात लाहेरीजवळ 17 पोलीस मारले गेले. दोन बंदुकांच्या मध्ये सर्वांना उघडा दवाखाना चालवणं ही सोपी गोष्ट नाही. विलास मनोहरांनी त्या काळावर 'एका नक्षलवाद्याचा जन्म' ही कादंबरी लिहिली, ती आपल्या विहाराच्या वाचनालयात असायला हवी.

मानसन्मान झाले. 1995 ला युरोपातल्या मोनॅको देशाने या दोघांवर पोस्टाचं तिकीट काढलं. ज्या गावात पावसाळ्यात पत्र पोहोचत नव्हतं, तिथल्या माणसांचं तिकीट! 2002 ला प्रकाशरावांना पद्मश्री, 2008 ला दोघांना मिळून मॅगसेसे. 2014 ला सिनेमा आला.

आता त्या कार्यकर्त्याच्या प्रश्नाकडे येतो. आमटे गांधीविचारातले, आपण बाबासाहेबांचे. पुणे करार आपण विसरलेलो नाही, विसरणारही नाही. बाबा आमटे वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना त्यांनी काही महिने डोक्यावर मैल्याची पाटी वाहिली, हे सगळे चरित्रकार कौतुकाने लिहितात. मीही त्यांना वाकून जयभीम करतो. पण ज्यांच्या डोक्यावर ती पाटी जन्माने आली त्यांना काही महिन्यांनी ती खाली ठेवता येत नव्हती, आणि त्यांचं चरित्र कोणी लिहिलं नाही. हा फरक आमट्यांचा दोष नाही. पण सांगणाऱ्याने तो सांगितला पाहिजे.

दुसरी गोष्ट, सेवा आणि हक्क. बाबासाहेबांनी आपल्याला दया मागायला शिकवलं नाही. दवाखाना ताप उतरवतो, जमिनीचा पट्टा देत नाही. जंगलावरचा माडियांचा हक्क 2006 च्या वनहक्क कायद्याने कागदावर आला, आणि गडचिरोलीतल्याच मेंढा-लेखा गावाने 2009 ला सामूहिक वनहक्क मिळवून पुढे स्वतःचा बांबू स्वतः विकून दाखवला. ते ग्रामसभेने केलं, कोणा डॉक्टरने नव्हे. मग सेवा फुकट गेली का? मला तसं वाटत नाही. मलेरियाने पाचव्या वर्षी मेलेलं पोर ग्रामसभेत कसं बोलणार? ज्याला सही येत नाही तो पट्टा कसा वाचणार? तथागतांनी आजारी भिक्खूला आनंदाच्या मदतीने स्वतःच्या हाताने धुतलं आणि सांगितलं की ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची करावी. तेव्हा त्यांनी त्या भिक्खूला आधी विचार शिकवला नाही, आधी पाणी आणलं.

आणखी एक. आपल्यातले किती डॉक्टर भामरागडला गेले? बाबासाहेबांच्या पुण्याईने आपल्या वस्तीत आज डॉक्टर आहेत, इंजिनिअर आहेत. नागपूर-चंद्रपुरात बंगले झाले, चांगलं झालं, पिढ्यांची भूक होती. पण 'आमटे कशाला' असं विचारताना हाही प्रश्न त्याच बैठकीत यायला हवा होता.

त्रिपिटकात नकुलपिता आणि नकुलमाता या म्हाताऱ्या उपासक दांपत्याची गोष्ट आहे. नकुलपिता मरणाच्या दारी आजारी पडला तेव्हा बायकोने त्याला धीर दिला की काळजी घेऊन मरू नका, मला कापूस कातता येतो, लोकर पिंजता येते, मी लेकरं वाढवीन, घर चालवीन, धम्मात मागे राहणार नाही. त्या बोलण्याने तो उठून बसला. काठी टेकत भगवंतांकडे गेला, आणि भगवंत म्हणाले, तुला अशी पत्नी मिळाली हे तुझं भाग्य. 2022 ला प्रकाशरावांना रक्ताचा कॅन्सर झाल्याची बातमी आली आणि पुण्याला उपचार सुरू झाले, तेव्हा मला ही गोष्ट आठवली. तोवर दवाखाना दिगंत आणि त्यांची डॉक्टर पत्नी अनघा यांच्या हाती होता, शाळा आणि बाकीचा कारभार अनिकेत आणि समीक्षा यांच्याकडे. म्हणजे म्हाताऱ्यांनी काळजी घेऊन पडून राहावं असं मागे काही ठेवलं नव्हतं. प्रकाशराव त्या दुखण्यातून उठले. 23 डिसेंबर 2023 ला प्रकल्पाला 50 वर्षं पूर्ण झाली तेव्हा दोघंही होते. ते पंचाहत्तरीचे, मंदाताई त्यांच्याहून वयाने थोड्या मोठ्या.

हा लेख छापायला देण्याआधी बैठकीतल्या त्या कार्यकर्त्याला वाचायला दिला. दोन दिवसांनी विहारात भेटला. चष्मा पुसत म्हणाला, "बरं लिहिलं. छापून टाका." मी म्हटलं, काही काढायचं असेल तर सांग. तो म्हणाला, "काढू काही नका. कॉन्व्हेंटचं तर बिलकुल नाही. आणि मैल्याच्या पाटीचं जे लिहिलं, त्याला हात लावाल तर माझी वर्गणी परत करा."